आरएक्स १००: पोर्टिंग, चेंबर आणि २४ चा कार्ब्युरेटर बसवल्यावर जेटिंग कसं करायचं

आधी प्रश्न थोडक्यात, म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. १९९४ ची यामाहा आरएक्स १००, गाडी सांगलीत. बोअर ०.५० ओव्हरसाइज, सिलिंडरला पोर्टिंग (आतली तोंडं घासून मोठी केलेली), एक्सपान्शन चेंबर (फुगीर पोटाचा सायलेन्सर), मूळच्या २० ऐवजी २४ मिलिमीटर तोंडाचा मिकुनी कार्ब्युरेटर, एअरबॉक्स (एअर फिल्टरची पेटी) काढून उघडा कोन फिल्टर. खालून बरी चालते, अर्ध्या थ्रॉटलला जोरात ओढते, पूर्ण थ्रॉटल दिला की गुदमरते. एकदा चौथ्या गिअरमध्ये पिस्टन धरला, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकला. मिस्त्रींनी एअर स्क्रू अर्धा फेरा आत घेतला, फरक पडला नाही. तर, "मेन जेट (पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची नळी) किती नंबरचा टाकू?"

एअर स्क्रूपासून सुरुवात करतो. पूर्ण थ्रॉटलला गुदमरणाऱ्या गाडीचा एअर स्क्रू फिरवणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तो स्क्रू आयडलिंगच्या आणि थ्रॉटलच्या पहिल्या आठव्या हिश्श्याच्या मिश्रणाचा आहे. स्लाइड (ग्रिप फिरवली की कार्ब्युरेटरचं तोंड उघडत वर जाणारा पडदा) पूर्ण वर गेल्यावर त्याचं कोणी ऐकत नाही. म्हणून गाडी "नीट चालत नाही" असं सांगण्यापेक्षा ग्रिप किती फिरवलेली असताना नीट चालत नाही, ते सांगा. निम्मं निदान तिथेच होतं.

नंबरही सांगतो, पण हिशोब करून, आणि त्याआधी काही गोष्टी तपासून घ्याव्या लागतील. त्या न तपासता जेट बदलत बसलात तर दुसरा पिस्टन घ्यायची तयारी ठेवा.

पिस्टनवरच्या खरचटल्याच्या खुणा फक्त एक्झॉस्टच्या बाजूला आहेत असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या सगळ्या प्रश्नात ही एक ओळ सर्वांत कामाची. चार कोपऱ्यांवर सारख्या खुणा असत्या तर मी म्हटलं असतं, बोअर घट्ट झालाय किंवा थंड इंजिन लगेच ताणलंय. इनटेकच्या बाजूला असत्या तर ऑइल पोचत नाही असा पहिला संशय. नुसत्या एक्झॉस्टच्या बाजूला खुणा म्हणजे उष्णता: मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी; जास्त असेल तर रिच), किंवा इग्निशन फार आधी, किंवा कुठून तरी चोरून हवा आत येतेय. म्हणजे बोअर करणाऱ्याला दोष देऊ नका. कोल्हापूरच्या उद्यमनगरात या कामाला चांगले हात आहेत, त्याचं काम बहुधा ठीकच आहे.

चोरटी हवा हा टू-स्ट्रोकचा जुना रोग. यात क्रँककेस हाच पंप असतो, त्यामुळे क्रँकचं ऑइल सील सुकलं की पेट्रोल न घेतलेली हवा थेट आत जाते. तीस वर्षांच्या गाडीत मूळ सील अजून असतील तर ते कडक झालेले असणारच. मॅग्नेटोच्या बाजूचं सील गेलं की हवा आत येते आणि मिश्रण लीन होतं. क्लचच्या बाजूचं गेलं की गिअरचं ऑइल ओढलं जातं. पांढरा धूर येतो आणि गिअर ऑइलची पातळी कारण नसताना उतरते. आणखी एक ओळख: ग्रिप सोडल्यावर रेस पटकन खाली येत नाही, वरच लटकून राहते, मग सावकाश उतरते.

अंदाज करत बसण्यापेक्षा प्रेशर टेस्ट करा. एक्झॉस्टचं तोंड आणि इनलेट रबर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि क्लॅम्प लावून बंद करायचं, दोन्ही बाजूंचे सील निघून येणार नाहीत इतकीच, म्हणजे ६ पीएसआयच्या आसपास हवा भरायची आणि गेज बघत बसायचं. मिनिटाला एक पीएसआयपेक्षा जास्त पडत असेल तर साबणाचं पाणी घेऊन बुडबुडे शोधा: सील, बेस गॅस्केट, रीड ब्लॉकचं (हवा एकाच दिशेने आत सोडणाऱ्या पाकळ्यांच्या झडपेचं) गॅस्केट, इनलेट रबरच्या बारीक चिरा. २४ चा कार्ब्युरेटर बसवताना बहुतेक जण दुसऱ्या गाडीचं इनलेट रबर किंवा ॲल्युमिनियमचा अडॅप्टर लावतात, आणि गळती नेमकी तिथेच सापडते. त्याच वेळी रीड काढून उजेडासमोर धरा. पाकळ्या बसत नसतील, टोकाला चीर असेल तर हवा उलटी कार्ब्युरेटरकडे येते आणि येता-जाता पुन्हा पेट्रोल उचलते. कोन फिल्टर आतून ऑइलने चिकट झाला असेल तर हे होतंय असं समजा.

दुसरी तपासणी ऑइल पंपाची. आरएक्सची केबल पुढे दोन फाट्यांत जाते, एक कार्ब्युरेटरला आणि एक ऑटोल्यूब पंपाला. मूळ ग्रिप, केबल आणि पंप हे सगळं २० मिलिमीटरच्या उचलीसाठी जुळवलेलं आहे. आता स्लाइडला २४ मिलिमीटर वर जायचंय. फिल्टर काढा, ग्रिप पूर्ण फिरवा आणि टॉर्च मारून बघा, स्लाइड तोंडाच्या वर पूर्ण जाते का. पुष्कळ गाड्यांत तिची कड खाली लोंबताना दिसते. म्हणजे तुम्ही ज्याला पूर्ण थ्रॉटल म्हणताय तो पाऊणच्या जरा पुढेच असू शकतो, आणि तसं असेल तर दोष मेन जेटइतकाच निडलचाही निघू शकतो. दुसऱ्या बाजूने पंपाचा लिव्हर आधीच टोकाला टेकत असेल तर केबल तिथे अडकते. पंपाच्या चकतीवरची खूण आणि तिची पिन यांची जुळणी मूळ कार्ब्युरेटरच्या स्लाइडवर ठरवलेली असते, नव्या कार्ब्युरेटरवर ती आपोआप बरोबर येत नाही. पंप थोडा जास्त उघडा राहिलेला चालेल, कमी मुळीच नाही.

पंप काढून टाकून टाकीत ऑइल मिसळायची फॅशन आहे. मला ती रस्त्याच्या गाडीसाठी पटत नाही. आंबा घाटातून रत्नागिरीकडे उतरताना थ्रॉटल मिटलेला असतो, इंजिन मात्र गिअरमुळे जोरात फिरत असतं. मिसळलेल्या ऑइलवर चालणाऱ्या इंजिनाला त्या वेळी पेट्रोलही मिळत नाही आणि ऑइलही. पंप असला तर निदान इंजिनाच्या वेगाबरोबर थोडं ऑइल जात राहतं. तरी मिसळणारच असाल तर प्रमाण आधी कायमचं ठरवा आणि मगच जेटिंग करा. ऑइल वाढवलं की त्याच जेटमधून तितकं पेट्रोल कमी जातं.

तिसरी गोष्ट पेट्रोलच्या प्रवाहाची, आणि तुमच्या बाबतीत माझा सगळ्यात जास्त संशय इथे किंवा मेन जेटवर आहे. दोन्ही वेगळे ओळखता येतात. पूर्ण थ्रॉटल दिल्या दिल्या लगेच ताकद बसत असेल तर जेट. पाच-सात सेकंद झकास ओढून मग मरत असेल, आणि ग्रिप थोडी सोडून परत दिल्यावर पुन्हा पाच-सात सेकंद ओढत असेल, तर फ्लोट बाऊल (कार्ब्युरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी) रिकामा होतोय. मग जेट मोठा टाकून उलट लवकर रिकामा होईल. हिशोब साधा आहे. या इंजिनाने चाकावर १५ पीएसच्या घरात ताकद दिली असं धरलं (कंपनीची मूळ ११), तर टू-स्ट्रोकच्या भुकेप्रमाणे मिनिटाला साधारण १०० ते १२० मिलिलिटर पेट्रोल लागतं. पाइप कार्ब्युरेटरकडून सोडवून मोजपात्रात धरा. मिनिटाला पाव लिटर तरी यायला हवं, तेही टाकीत दोनच लिटर शिल्लक असताना. येत नसेल तर कॉकची जाळी, जुनी गंजकी टाकी, मध्ये लावलेला स्वस्त कागदी फिल्टर, टाकीच्या झाकणाचं बुजलेलं भोक, या क्रमाने शोधा. झाकणाचं भोक माणसं विसरतातच.

फ्लोटची पातळीही इथेच बघून घ्या. या जातीच्या मिकुनीत कार्ब्युरेटर उलटा धरल्यावर फ्लोटचा हात बॉडीच्या गॅस्केटच्या कडेला समांतर असायला हवा. पातळी खाली असेल तर सगळीकडेच लीन, वर असेल तर सगळीकडेच रिच. अशा कार्ब्युरेटरवर केलेलं जेटिंग जेटचं नसतं, फ्लोटचं असतं.

आता कार्ब्युरेटर. साध्या स्लाइडच्या मिकुनीत कामाची वाटणी अशी: थ्रॉटलच्या सुरुवातीपासून आठव्या हिश्श्यापर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रू, तिथून पावपर्यंत स्लाइडच्या खालच्या कडेला दिलेला तिरका काप, ज्याला कटअवे म्हणतात, पाव ते पाऊण निडल आणि ती ज्यात वर-खाली होते तो निडल जेट, पाऊणच्या पुढे मेन जेट. या हद्दी काटेकोर नाहीत, एकाचं काम दुसऱ्यात शिरतं. मेन जेट बदलला की अर्ध्या थ्रॉटललाही थोडा फरक जाणवतो, म्हणून क्रम महत्त्वाचा ठरतो.

नंबरचा हिशोब. कार्ब्युरेटरमध्ये हवेचा वेग कमी झाला की पेट्रोल ओढणारी ताकद कमी होते. तोंड २० वरून २४ झालं, म्हणजे क्षेत्रफळ ४०० ला ५७६ या प्रमाणात, १.४४ पट. इंजिन तेवढीच हवा घेत असेल तर तिचा वेग त्याच प्रमाणात उतरतो आणि त्याच जेटमधून पेट्रोल जवळजवळ सत्तर टक्क्यांवर येतं. म्हणून जेटच्या भोकाचं क्षेत्रफळही १.४४ पट करावं लागतं. मिकुनीच्या षटकोनी जेटचे नंबर प्रवाहावर असतात, त्यामुळे नंबरच १.४४ ने गुणायचा: जुना जेट १०० चा असता तर १४४ च्या आसपास. भोकाच्या व्यासावर नंबर देणाऱ्या कंपन्यांचे जेट असतील तर फक्त १.२ ने. याच्यावर चेंबर आणि उघड्या फिल्टरसाठी आणखी दहा टक्के धरा. फिल्टरचं कारण असं की बाऊलला बाहेरच्या हवेचा दाब मिळतो आणि मूळ एअरबॉक्स हवेला थोडा अडवतो, त्या फरकाने पेट्रोल जास्त ओढलं जातं. एअरबॉक्स गेला की ही मदतही गेली. तेव्हा तुमच्या जुन्या कार्ब्युरेटरचा जेट काढा, त्यावर कोरलेला नंबर वाचा, १.६ ने गुणा आणि सुरुवात त्याच्याही एक-दोन पायऱ्या वरून करा. हा आकडा गाडी लावायचा नव्हे, फक्त शोध सुरू करायचा.

दोन अटी. मिकुनीचे षटकोनी डोक्याचे आणि गोल डोक्याचे जेट यांचे नंबर एकमेकांना जुळत नाहीत, तुलना एकाच जातीत करायची. आणि भोक मोठं केलेले जेट फेकून द्या. तार किंवा ड्रिल घालून जेट "मोठा करून देणारे" खूप आहेत. त्यावर कोरलेला नंबर खोटा होतोच, आतला गुळगुळीत उतार खरवडला जाऊन प्रवाहाचाही भरवसा राहत नाही. बाजारात मिकुनीचं नाव टाकलेले नकली कार्ब्युरेटर भरपूर मिळतात. त्यांच्यात निडल वेगळी, निडल जेट वेगळा, कटअवे भलताच असतो. तुमचा तसला असेल तर वाचवलेले पैसे जेटमध्ये घालाल. स्पष्टच सांगतो, रस्त्यावर चालवायच्या १०० सीसीला २२ पुरेसा होता. २४ ने वरती थोडी हवा वाढते आणि गावातल्या चालीतली मजा जाते. पण आता घेतलाय तर लावूया.

ग्रिपवर आणि तिच्या शेजारच्या हाउसिंगवर पांढरी टेप चिकटवा. केबलमधला ढिलेपणा काढून शून्य, आठवा, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा पेनाने करा. हे केल्याशिवाय कोणीही अर्धा थ्रॉटल बरोबर धरू शकत नाही. पोर्टिंगनंतर प्लग एक पायरी थंड घ्या. एनजीकेमध्ये मोठा नंबर म्हणजे थंड प्लग. बॉश आणि चॅम्पियनमध्ये उलट, तेव्हा दुकानदाराच्या सांगण्यावर जाऊ नका. जेट, छोटा स्क्रूड्रायव्हर, प्लगचा पाना, दोन-तीन नवे प्लग आणि एक भिंग खिशात ठेवा.

मोकळा, सरळ आणि शक्यतो किंचित चढाचा रस्ता हवा. रविवारी सकाळी एमआयडीसीतले रस्ते बरे असतात, महामार्ग नको. हेल्मेट, जॅकेट, आणि डावा हात कायम क्लचवर, हे सांगायची गरज नसावी. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल. जेट फार मोठा असेल तर गाडी फोर-स्ट्रोकसारखी ब्ब-ब्ब-ब्ब करते, धूर सोडते, वरची रेस घेतच नाही. हा आवाज ऐकून घाबरू नका. आपल्याला पहिल्यांदा तोच हवाय, कारण तो सुरक्षित बाजूचा आहे. रिचकडून लीनकडे यायचं, उलट कधीही नाही. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल नुसतं जळत नाही, पिस्टनही तेच थंड ठेवतं. लीन बाजूने शोधायला गेलात तर उत्तर पिस्टनच देतो.

एकेक पायरी खाली या. अडखळणं वरच्या रेसमध्ये पुसट होत जातं आणि एका जेटला पूर्ण जातं. तिथे थांबून एक पायरी परत वर जा. आता उलटतपासणी: पूर्ण थ्रॉटलला ओढत असताना ग्रिप अगदी थोडी, जेमतेम आठवा हिस्सा, सोडून बघा. गाडी उलट जास्त ओढू लागली तर मेन अजून लहान आहे. नुसती थोडी मंदावली तर ठीक. लीन गाडीचा आवाजही वेगळा असतो: कोरडा, पत्र्यासारखा, आणि ताकद वाढता वाढता एकदम सपाट होते. तुम्ही "गुदमरते" लिहिलंय ते या दोनपैकी कोणतं, ते पहिल्याच फेरीत कळेल. गाडीवर दोघं बसणार असाल किंवा हायवेवर लांब मारणार असाल तर आणखी एक पायरी वर ठेवा, थोडं पेट्रोल जाईल.

मग प्लग. रोजच्या फिरण्यानंतर काढलेल्या प्लगचा रंग बघून मत देणारे बरेच आहेत. तो रंग गल्लीतल्या आयडलिंगचा असतो, मेन जेटचा नव्हे. नवा प्लग घाला, गरम इंजिनवर पूर्ण थ्रॉटलने एक लांब धाव घ्या, आणि थ्रॉटल न सोडता क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करा. गाडी तशीच कडेला आणा आणि प्लग काढा. टू-स्ट्रोकमध्ये चिनी मातीच्या टोकाचा रंग ऑइलवरही अवलंबून असतो, त्यामुळे त्याच्यावर फार विसंबू नका. भिंगाने आत खोल, चिनी माती जिथे धातूत शिरते तिथलं काजळीचं कडं बघा. बारीक, स्पष्ट कडं हवं. कडंच नसेल तर लीन. निम्म्या मातीवर चढलं असेल तर रिच. टोकावर बारीक चकचकीत ठिपके दिसले तर गाडी तिथेच थांबवा, ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे.

ज्यांना यंत्रं आवडतात ते एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर लावायचं विचारतात. फोर-स्ट्रोकला उत्तम. टू-स्ट्रोकमध्ये न जळलेली ताजी हवा थेट एक्झॉस्टमध्ये निसटते, त्यामुळे आकडा फसवतो, आणि ऑइलने सेन्सरही लवकर मरतो. त्यापेक्षा प्लगच्या वॉशरखाली बसणारा तापमापक घ्या. त्याचा आकडा दुसऱ्याच्या गाडीशी ताडून बघू नका, आपल्याच गाडीचा कालचा आणि आजचा बघा.

मेन बसला की निडल. क्लिपच्या पाच खाचा असतात, वरून मोजायच्या. क्लिप खालच्या खाचेत घातली की निडल वर येते आणि मिश्रण रिच होतं. पाव ते पाऊण थ्रॉटल धरून, चौथ्या गिअरमध्ये, सपाट रस्त्यावर एकसारखी चालवा. झटके, गरगर असेल तर रिच. आवाज कोरडा, गाडी पुढे-मागे हिंदकळत असेल आणि थोडा थ्रॉटल वाढवल्यावर सुधारत असेल तर लीन. तुम्ही रोज चालवाल ती गाडी याच भागात चालणार आहे, म्हणून इथे वेळ घाला. मेन जेटइतकी चर्चा निडलची कोणी करत नाही, पण अर्ध्या थ्रॉटलवर ताशी साठने तासभर चाललेली गाडी निडलवरच जगते. क्लिप सगळ्यात खालच्या खाचेतही लीनच वाटली तर निडल जेट मोठा लागेल.

इथे चेंबरचं एक बघायला हवं. चेंबर आपल्या ठरावीक रेसच्या पट्ट्यातच जोर देतो. त्या पट्ट्यात तो बाहेर निसटलेलं मिश्रण परत आत ढकलतो. त्या पट्ट्याला पुरेल इतकं पेट्रोल दिलं की त्याच्या खालच्या रेसला तेच जास्त होतं. म्हणून पट्टा सुरू होण्याच्या जरा आधी थोडं अडखळणं राहतंच. ते पूर्ण घालवायचा हट्ट धरलात तर वर लीन कराल. तेवढं सोडून द्या.

कटअवेला शक्यतो हात लावू नका, स्लाइड महाग असते. फक्त एवढं लक्षात असू द्या की मोठा नंबर म्हणजे लीन. आयडलिंगवरून हळू ग्रिप उचलताना गाडी मागे खेचल्यासारखी वाटली आणि पायलट ठीक असेल, तरच त्याचा विचार करा.

शेवटी तुमचा एअर स्क्रू. गरम इंजिन, आयडलिंगचा स्क्रू थोडा वर. एअर स्क्रू हळूहळू फिरवत सर्वांत जास्त रेस जिथे येते ती जागा शोधा. या स्क्रूने हवा कमी-जास्त होते, म्हणजे बाहेर काढला की लीन, आत घेतला की रिच. सर्वोत्तम जागा एक ते दोन फेऱ्यांच्या मध्ये आली तर पायलट जेट बरोबर. अर्ध्या फेऱ्याच्या आत आली तर पायलट लहान आहे, अडीचच्या पुढे गेली तर मोठा. कोन फिल्टरचं रबर कार्ब्युरेटरच्या तोंडाशी असलेली हवेची बारीक भोकं झाकत नाही ना, तेही बघा. झाकत असेल तर स्क्रू कितीही फिरवा, उत्तर येणार नाही. मिटलेल्या थ्रॉटलवर घाट उतरताना इंजिन याच जेटवर असतं, म्हणून पायलट किंचित रिचच बरा.

हे सगळं जुळल्यावरही ते एका हवेसाठी आणि एका पेट्रोलसाठी जुळलेलं असतं. दहा अंश तापमानाची हवा चाळीस अंशांच्या हवेपेक्षा साधारण दहा टक्के घट्ट असते, म्हणून मे महिन्यात जेमतेम बसवलेला मेन डिसेंबरच्या पहाटे लीन ठरतो. उंचीचंही तसंच. कोल्हापूर-सांगली साडेपाचशे मीटरच्या आसपास. रत्नागिरीला समुद्राशी उतरलात की हवा पाच टक्क्यांनी घट्ट होते. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर, गाडी थोडी रिच चालेल, त्याला घाबरायचं कारण नाही. वर जाताना रिच होणं त्रासाचं, खाली येताना लीन होणं धोक्याचं. म्हणून तिथे वर जेट बदलू नका, आणि बदललात तर उतरण्याआधी परत घाला.

पेट्रोलचं तर सगळ्यांनाच लागू आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला जळायला कमी हवा लागते, त्यामुळे तेवढ्याच हवेसाठी असं पेट्रोल साध्या पेट्रोलपेक्षा सुमारे सात टक्के जास्त द्यावं लागतं. १९९४ च्या गाडीचे मूळ जेट हे गृहीत धरून बनलेले नाहीत. म्हणजे काहीही न बदललेली आरएक्ससुद्धा आज थोडी लीन चालते. मित्राने दहा वर्षांपूर्वी बसवलेला नंबर तुम्हाला आज का चालत नाही, त्याचं एक कारण हे. इथेनॉलने जुनी रबरं फुगतात, फ्लोटच्या निडलचं टोक आणि ओ-रिंग बदलून घ्या. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बाऊल रिकामा करा, नाहीतर त्यात पाणी साठून पायलट बुजतो.

कोन फिल्टर काढा असं मी म्हणेन. उन्हाळ्यातली धूळ आणि जुलैतलं पाणी दोन्ही तो आत घेतो, आणि १०० सीसीला मिळणारा फायदा ऐकू येतो तेवढा नसतो. मूळ एअरबॉक्स, ऑइल लावलेला फोम आणि झाकणाला थोडं मोठं तोंड, एवढं पुरतं. बदललात तर मेन पुन्हा तपासावा लागेल, दोन पायऱ्या खाली यायची शक्यता आहे, पण सुरुवात परत वरूनच.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल चालत नाहीत, आणि मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरवर आपल्याकडे रोडरोलर फिरतो. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, तेव्हा मूळ सायलेन्सर, कार्ब्युरेटर आणि एअरबॉक्स विकून टाकू नका. पीयूसीत तुमच्या वयाच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्क्यांपर्यंत चालतो आणि तपासणी आयडलिंगवर होते. म्हणजे मेन जेटचा तिथे संबंधच येत नाही; नापास झालात तर पायलट आणि एअर स्क्रूच बघायचा. तुमच्या मिस्त्रींचा अर्धा फेरा, पण बाहेरच्या बाजूला, तिथे खरोखर कामाला येईल.

प्रेशर टेस्टचा आकडा, मिनिटाला किती पेट्रोल येतं तो आकडा, आणि जुन्या मेनवर कोरलेला नंबर, एवढं कळवा. पुढचं त्यावर सांगतो. तोपर्यंत पाऊण थ्रॉटलच्या पुढे जाऊ नका.